अंगावर ब्लू बॉटल: फोम, तंगूस आणि कंदिलाच्या कामट्या

एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत, बीकेसीतल्या एका कॉस्प्लेच्या कन्व्हेन्शनला (लोक पात्रांचे पोशाख करून येतात तो मेळावा) मी स्वतः केलेल्या पोशाखात ब्लू बॉटल, म्हणजे पावसाळ्यात किनाऱ्यावर येणारा निळा डसणारा समुद्री जीव, होऊन गेले. तेव्हापासून ‘कुठून आणलास, किती पडले आणि लोकलमधून नेलास कसा’ या तीन प्रश्नांनी पिच्छा सोडलेला नाही. एकेकीला व्हॉट्सअ‍ॅपवर सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच सगळं लिहिते. मी पतपेढीत कारकून आहे. शिवणकाम आईचं बघून आलेलं, चित्रकला एलिमेंटरी परीक्षेपुरती. त्यामुळे ‘तुझं काय बाई, तुझ्या हातात कला आहे’ हे वाक्य कृपया नको.

सुरुवात ऑगस्ट २०२४ ची. भुईगावच्या किनाऱ्यावर ब्लू बॉटल येऊन पडल्या होत्या. पावसाळी वारे त्यांना ढकलत आणतात. जुहूला आल्या की पेपरात बातमी येते, वसईकडे आल्या की फक्त आम्हाला कळतं. बोटभर निळा पारदर्शक फुगा, वर जांभळट-गुलाबी झालर, खाली गर्द निळे गुंडाळलेले धागे. (मेलेल्याचा धागाही डसतो. पावसाळ्यात किनाऱ्यावर अनवाणी फिरू नका, ही सूचना कॉस्प्लेशी संबंध नसला तरी देऊन ठेवते.) घरी येऊन वाचत बसले तेव्हा कळलं की ही जेलीफिश नाहीच. तो एक प्राणीही नाही, वसाहत आहे: तरंगणारे वेगळे, पचवणारे वेगळे, डसणारे वेगळे, आणि कुणालाच एकट्याने जगता येत नाही. वरची झालर शिडाचं काम करते, आणि काहींचं शीड डावीकडे कललेलं असतं, काहींचं उजवीकडे. त्यामुळे एकाच वाऱ्यात त्यांचे दोन गट दोन दिशांना जातात. हे वाचलं आणि माझं ठरलं.

समुद्राचं काहीतरी करायचं मनात होतंच, पण जलपरी नको होती. शेपटीत पाय कोंबून दिवसभर चालायचं कसं, आणि जलपऱ्या तिथे पैशाला पासरी असतात. ब्लू बॉटल कुणी केलेली मी पाहिली नव्हती. डावी की उजवी, एवढाच प्रश्न उरला. मी डावी घेतली, कारण उजव्या हाताने ट्रेनमध्ये कडी धरायची असते.

घरच्यांची प्रतिक्रिया सांगायलाच हवी, कारण तुमच्याही घरी तीच येणार आहे. आई म्हणाली, “अगं, शाळेत असताना फॅन्सी ड्रेसला रडत गेलीस, आणि आता छत्तिसाव्या वर्षी?” भावाने विचारलं, बक्षीस किती आहे. दोघांनाही उत्तर दिलं नाही.

सप्टेंबर गेला सामानाच्या शोधात. कॉस्प्लेचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले. त्यातली फोमची आणि रबरी पेंटची नावं कागदावर लिहून मी क्रॉफर्ड मार्केट पालथं घातलं आणि सगळीकडे ‘ऑनलाइन मागवा’ ऐकलं. ऑनलाइन बघितलं तर दर असा की डोळे कपाळात जावेत. शेवटी अब्दुल रेहमान स्ट्रीटवरच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने मी दाखवलेला तुकडा नखाने दाबून बघितला आणि म्हणाला, “ये तो चप्पल का माल है. ठक्कर बाप्पा जाओ.” कुर्ला-चेंबूरच्या मधली ठक्कर बाप्पा कॉलनी म्हणजे चपला-बुटांच्या कारखान्यांची वस्ती. तिथे ईव्हीए फोमची शीटं हवी त्या जाडीची मिळतात, चिकटवायचं सोल्युशनही तिथेच. मला अंगासाठी ५ मिमी, वरच्या नक्षीसाठी २ मिमी आणि खांद्यांच्या आधारासाठी १० मिमी लागला. तिथलं गिऱ्हाईक गठ्ठ्याने माल उचलणारं, दोन-चार शीटं मागणारीसाठी कुणी हातातलं काम सोडत नाही. दुपारी जेवणं झाल्यावर जा, तेव्हा बोलायला सवड असते. फोम घेताना नखाने जोरात दाबा. खूण पटकन भरून आली तर घ्या. खळगा तसाच राहिला तर तो फोम तापवल्यावर चुरगळतो.

अंगाचं माप घ्यायची पद्धत मात्र त्या अमेरिकी व्हिडिओंचीच, आणि ती खरंच उत्तम आहे. जुना टी-शर्ट घालायचा, त्यावर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळून घ्यायची आणि वरून मास्किंग टेपचे तुकडे चिकटवत जायचं. हे काम बहिणीने केलं. मला हात पसरून उभं केलं होतं, हॉलमध्ये, पंखा बंद (टेप उडते म्हणून), सप्टेंबरचा उकाडा. ती टेप लावत होती आणि तिच्या सासूच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगत होती. “श्वास घे,” मध्येच म्हणाली. घेतला. “असाच धरून ठेव.” म्हणजे पोशाख भरलेल्या छातीच्या मापाचा व्हावा, रिकाम्या छातीचा केला तर दिवसभर जीव घुसमटतो. मग मार्करने टेपवर शिवणीच्या रेषा काढल्या, मधोमध आणि बरगड्यांवरून. डावं-उजवं, वर-खाली लिहिलं आणि कात्रीने अलगद कापून माझी साल काढली. ते तुकडे कागदावर सपाट होतील असे कापले की तोच पॅटर्न. शिंप्याकडे जायची गरज पडली नाही.

फोमचं काम तसं सोपं, पण घाई चालत नाही. कटरचं पातं थोड्या वेळाने मोडून नवं करत राहायचं; बोथट पातं फोमला दात पाडतं. गोलाई हवी तिथे कड सरळ न कापता ४५ अंशांत तिरपी कापायची. सोल्युशन दोन्ही कडांना पातळ लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, बोट टेकवून बघायचं. चिकटत नसेल तेव्हाच जोडायचं. एकदा टेकलं की टेकलं, सरकवता येत नाही. हे सोल्युशन डोकं धरतं. वासाच्या वाफा अडवणारा, काडतुसं लागणारा मास्क घ्या. कोविडवाला कापडी मास्क इथे काही कामाचा नाही. मी सगळं गच्चीवर केलं. शेजारच्या काकूंना आधी वाटलं पाण्याच्या टाकीची गळती काढतेय. जोडून झाल्यावर हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) फिरवली की फोमची बारीक छिद्रं मिटतात आणि त्यावर रंग धरतो.

शिडाचं काय करायचं ते सुचत नव्हतं. खांद्यामागून निघून डोक्यावर जाणारं, साडेतीन फुटांचं, आतून उजळणारं, आणि तरी हलकं. तारेचा सांगाडा वजनाला जड जात होता, आणि कन्व्हेन्शनच्या नियमांत बाहेर आलेल्या धातूच्या टोकांना बंदी होती. दसऱ्यानंतर माहीमच्या कंदील गल्लीतून जात होते, दोन्ही बाजूंना कंदील लटकलेले, आणि एकदम लक्षात आलं की आतून उजळणारी हलकी वस्तू करणारी माणसं इथे बसली आहेत. एका काकांना वहीतलं चित्र दाखवलं. ते वर न बघता म्हणाले, “ताई, दिवाळी होऊन जाऊ दे. आत्ता पाणी प्यायला वेळ नाही.”

तुळशीचं लग्न झाल्यावर गेले. काकांनी चित्र उलटंसुलटं करून बघितलं.

“हे वाकडं का?”

“तो प्राणीच वाकडा असतो, काका.”

“मग वजन एका अंगाला जाणार. चालताना मान धरेल. दुसऱ्या अंगाला काहीतरी टांगा.”

सगळ्या पोशाखाचा तोल या एका वाक्यावर उभा आहे. पुढे पॉवर बँक आणि सगळं सर्किट उजव्या कमरेला बांधलं ते यामुळेच. बांबूच्या कामट्या पाण्यात भिजवून मेणबत्तीच्या आचेवर हळूहळू वाकवायला त्यांनी शिकवलं. आच एका जागी ठेवायची नाही, कामटी पुढे-मागे फिरवत राहायची, आणि हवी त्यापेक्षा थोडी जास्त वाकवायची, कारण गार झाली की ती थोडी सरळ होते. जोडावर सुती दोरा फुलीसारखा गुंडाळून वर फेविकॉल. दिव्याचे ठिपके दिसू नयेत म्हणून काय करायचं हेही त्यांनीच सांगितलं: आधी बटर पेपर, मग बोटभर मोकळी जागा, मग वरचं कापड. शिकवण्याचे पैसे घेईनात, शेवटी कामट्यांच्या पैशात जास्तीचे घातले.

शीड तीन भागांत केलं आणि भाग बॅगेला असतात तशा प्लास्टिकच्या बक्कलांनी जोडले. सगळा सांगाडा माझ्या जुन्या ट्रेकिंगच्या सॅकच्या पट्ट्यांवर बसवला. सॅकचा कमरपट्टा आवळला की भार खांद्यांवरून निघून कमरेवर येतो, हे ट्रेक करणाऱ्यांना सांगायला नको. वरचं कापड मंगलदास मार्केटमधलं ऑर्गंझा, निळ्यावर गुलाबी झाक मारणारं. रविवारी मार्केट बंद असतं, माझ्यासारख्या नोकरदारांनी शनिवार धरावा.

आता धागे. हा माझा सगळ्यात आवडता भाग, आणि डोळे इथेच गेले. ऑर्गंझाच्या लांब पट्ट्या कापून त्यांच्या कडेत तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) घालून झिगझॅग शिलाई मारली. शिवताना कापड दोन्ही बाजूंनी ताणून धरायचं. सोडलं की कड लाटेसारखी वळते. तंगूस पाचूबंदरला जाळ्यांचं सामान विकणाऱ्या दुकानातून घेतला. दुकानदाराने विचारलं, “कुठल्या मासळीला?” काय सांगणार? “मोठ्या,” म्हटलं. त्याने ०.८ मिमीचा दिला, तो नेमका बसला. त्याहून बारीक घेतला असता तर लाट धरली नसती. रिळावरचा तंगूस आपोआप वेटोळी घेतो, त्याला सरळ करायच्या भानगडीत पडू नका, ती वेटोळीच आपल्याला हवी आहेत. खऱ्या ब्लू बॉटलचे धागे जवळून बघितले तर त्यांवर मण्यांसारख्या गाठी दिसतात, डंखाच्या पेशी त्यांतच असतात. म्हणून काही धागे नुसते निळे मणी ओवून केले, भुलेश्वरला तोळ्यावर मिळतात ते काचेचे. रोज जेवणं झाल्यावर मालिका बघत आई ओवायची. फॅन्सी ड्रेसचा विषय डिसेंबरपर्यंत तिच्या बोलण्यातून गेला होता, उलट मधूनमधून विचारायची, “आज मणी नाहीत का?”

धागे जमिनीला टेकतील एवढे लांब ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. सरकता जिना आहे, लोकांचे पाय आहेत. माझे घोट्याच्या वर थांबतात आणि प्रत्येक झुपका टिचबटणांनी कमरपट्ट्याला लावलेला आहे. कुणी ओढला तर बटण सुटतं, कापड फाटत नाही. बायकांसाठी खास सांगायचं तर, अंगातला भाग आणि कमरेखालचा भाग पूर्ण वेगळे ठेवा. वॉशरूमला जायची वेळ येणारच आहे.

जानेवारीत लॅमिंग्टन रोड. तिथे कुठल्याही दुकानात गेलं तरी पहिला प्रश्न, “प्रोजेक्ट का? कौनसा कॉलेज?” मी म्हटलं, पतपेढी. डब्ल्यूएस२८१२बी जातीची पाच व्होल्टची एलईडी पट्टी, दिवे प्रोग्रामने चालवायला एक छोटा आर्डुइनो नॅनो बोर्ड, थोड्या वायरी, एक कपॅसिटर. आकडेमोड नीट करा: या पट्टीतला एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला तर साधारण ६० मिलिअँपिअर खातो. माझे ६० दिवे, म्हणजे ३.६ अँपिअर, साधी पॉवर बँक दोनच्या आसपास देते. उपाय सोपा आहे, प्रोग्राममध्येच उजेड कमी करून ठेवायचा. निळा रंग आणि एक तृतीयांश उजेड पुरेसा दिसतो, बॅटरीही दिवसभर पुरते. उलट अडचण अशी की करंट फारच कमी झाला तर पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही आणि ती स्वतःहून बंद होते. म्हणून दिवे पूर्ण विझू न देता मंदपणे वर-खाली श्वास घेत ठेवले. डाग देण्याचं (सोल्डरिंगचं) काम इमारतीतल्या डिप्लोमाच्या मुलाने शिकवलं. प्रत्येक जोडावर गरम ग्लूचा थेंब टाका, चालताना वायर तिथेच तुटते.

रंगाबद्दल एवढंच: काळ्या फोमवर निळा लावला की तो मरतो, आधी पांढऱ्याचा हात द्यावा लागतो. न वाकणाऱ्या भागांवर पाणी घातलेल्या फेविकॉलचे तीन-चार थर देऊन वर अ‍ॅक्रिलिक. कमरेसारख्या वाकणाऱ्या जागी फक्त फॅब्रिक कलर, स्पंजने. फेविकॉलला तिथे भेगा जातात.

कन्व्हेन्शनमधल्या कॉस्प्ले स्पर्धेच्या फॉर्मची भानगड याच काळातली. ऑनलाइन नोंदणीत पात्राचं नाव, ते कुठल्या पुस्तकातलं किंवा खेळातलं, मूळ चित्र, काम चालू असतानाचे फोटो आणि स्वतः किती बनवलं हे सगळं मागितलं होतं. ब्लू बॉटलचं मूळ चित्र कुठलं देणार? समुद्रातलं दिलं. विचारणा करणारा मेल टाकला, आठवडे गेले, परत टाकला. फेब्रुवारीच्या मध्यावर उत्तर आलं की स्वतः कल्पिलेली पात्रं स्पर्धेत घेत नाहीत, मंचावरच्या फेरीत मात्र चालता येईल. पाच महिने राबून हे वाचलं तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या रात्री मशीन उघडलं नाही. स्पर्धेतच उतरायचं असेल तर कापड घेण्याआधी त्या ठिकाणचे नियम वाचा आणि शंका मेलवरच विचारा. तो मेल छापून जवळ ठेवा. मला दारावर दोनदा दाखवावा लागला.

सगळं फेब्रुवारीअखेर संपवायचंच होतं, कारण पतपेढीत मार्च एण्डला डोकं वर काढता येत नाही. मार्चमध्ये फक्त घरात घालून बघणं केलं. बसून, जिना उतरून, पाणी पिऊन. पाणी स्ट्रॉनेच पिता येतं हे तेव्हा कळलं. चष्मा घालता येत नाही हेही.

जाण्यासाठी शनिवार निवडला. रविवारी जम्बोब्लॉक लागला तर साडेतीन फुटांचं शीड घेऊन फलाटावर कोण उभं राहणार? सकाळची पहिली-दुसरी गाडी, लगेजचा डबा. शीडाचे तीन भाग चादरीत गुंडाळलेले, धागे एका पिशवीत, फोमचं अंग मोठ्या कचऱ्याच्या काळ्या पिशवीत. डब्यात टोपल्या घेऊन बसलेल्या मावशींनी विचारलं, “गणपतीचं काय गं?” म्हटलं, ब्लू बॉटल आहे, किनाऱ्यावर येते ती. त्यांनी पाय आखडून घेतले आणि मग हसल्या. वांद्र्याहून रिक्षा.

दारावरच्या तपासणीत वायरी आणि पॉवर बँक दिसली की थांबवतातच. सर्किटला पारदर्शक डबा वापरला होता, त्यामुळे उघडून दाखवायला लागलं नाही. कपडे बदलायच्या खोलीबाहेर रांग मोठी होती, म्हणून निम्मं घरूनच घालून जा. पूर्ण चढवायला बहिणीला दीड तास लागला. एकटीने जाऊच नका. सोबतीचं माणूस पाणी देतं, फोन सांभाळतं आणि मुख्य म्हणजे गर्दीत मागून शीड वाचवतं. बहिणीच्या पिशवीत फेविक्विक, सेफ्टी पिना, दुहेरी टेप, सुईदोरा, जास्तीची बटणं होती. टेप सोडून सगळं वापरलं गेलं.

लोक विचारल्याशिवाय हात लावतात. न्यूयॉर्क कॉमिक कॉनने २०१४ मध्ये ‘कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे’ अशा अर्थाच्या पाट्या लावल्या होत्या. आपल्याकडे ते तोंडाने सांगावं लागतं, आणि बहीण ते अगदी वसईच्या आवाजात सांगते. बाकी माणसं गोड होती. एका लहान मुलाने ‘जेलीफिश!’ म्हणून हाक मारली. त्याला वसाहतीचं सांगायला लागले तर त्याने मध्येच थांबवून विचारलं, “मग तुझ्यातली पोटं कोण?” बहिणीने हात वर केला. जुहूला स्वतःला डसल्याची गोष्ट तर किती जणांनी सांगितली, पाय वर करून जागा दाखवत. फेरीत मंचावर मी जेमतेम अर्धं मिनिट होते. दिवे मंदावले तेव्हा शीड आतून उजळलं, पुढच्या रांगेतून ‘ओह’ ऐकू आलं, आणि पाय थरथरत होते म्हणून मी लवकर उतरले.

खर्च वहीतून उतरवून देते. फोम आणि सोल्युशन २,९००, हीट गन १,७००, मास्क १,२००, कापड २,४००, मणी, तंगूस, बटणं १,३५०, कामट्या, कागद, दोरा ७००, दिवे आणि इलेक्ट्रॉनिक्स २,३००, रंग ९००, प्रवास आणि किरकोळ १,५००. एकूण १४,९५०. हीट गन कुणाची मागून मिळाली तर विकत घेऊ नका.

ठेवायचं कुठे हा प्रश्न उरतो. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात फोम वाकडा होतो, म्हणून अंग कपाटावर, जुन्या उशा भरून. धागे हँगरला. पॉवर बँक सर्किटपासून काढून ठेवलेली. शिडावर मात्र आमच्या सोसायटीच्या मंडळाचा डोळा आहे, गणपतीला समुद्राचा देखावा करायचाय म्हणतात. द्यायला हरकत नाही. बक्कलं आणि वायरी मी स्वतः लावणार, आणि मूर्तीच्या डाव्या हाताला ठेवायचं, एवढं अध्यक्षांकडून लिहून घेतलंय.